आधी ऐकावे, मग लिहावे : आश्रय अर्जाविषयी वाचकांचे प्रश्न

आश्रयाचा अर्ज, त्यानंतरची मुलाखत आणि मान्यता मिळाल्यावर नव्या देशात बस्तान बसवणे, या तिन्हींविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे लिहिणाऱ्यांत मदत केंद्रांतील स्वयंसेवक आहेत, दुभाषी आहेत, नुकतीच वकिली सुरू केलेले आहेत. पत्रांत दुसऱ्यांच्या आयुष्याचे तपशील असल्यामुळे कोणाचेही नाव, गाव किंवा मूळ देश येथे दिलेला नाही. आश्रयाचा कायदा देशोदेशी वेगळा असतो आणि तो वारंवार बदलतो. म्हणून जेथे विशिष्ट नियम सांगितला आहे तेथे देशाचे नाव दिले आहे. बाकीचे विवेचन निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या १९५१ च्या करारावर आधारलेले आहे.

प्रश्न : मी एका मदत केंद्रात आठवड्यातून दोन दिवस काम करते. येणारा प्रत्येक जण ‘परत गेलो तर जिवाला धोका आहे’ असे सांगतो. कोणी युद्धातून आलेला असतो, कोणी खंडणीखोर टोळीच्या धमकीमुळे, कोणी उपासमारीमुळे. यांपैकी खरा निर्वासित कोण, हे मी कसे ओळखावे?

उत्तर : ते ओळखण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, आणि आपण ती मनातही घेऊ नये. निर्णय अधिकाऱ्याने किंवा न्यायाधिकरणाने द्यायचा असतो. आपण मात्र व्याख्या नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती समजली तरच कोणते प्रश्न विचारायचे राहून गेले ते लक्षात येते.

२८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे स्वीकारलेला आणि २२ एप्रिल १९५४ पासून अमलात आलेला हा करार मुळात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे निर्वासित झालेल्यांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने ही कालमर्यादा काढून टाकली. व्याख्येप्रमाणे ती व्यक्ती आपल्या देशाबाहेर असली पाहिजे, तिला छळाची साधार भीती असली पाहिजे, आणि त्या छळाचे कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखादे असले पाहिजे. शिवाय स्वतःच्या देशाचे संरक्षण तिला मिळू शकत नसले पाहिजे किंवा भीतीपोटी ते घेण्याची तिची तयारी नसली पाहिजे.

माझ्या पाहण्यात बहुतेक अर्ज लंगडे पडतात ते कारणाच्या जागी. धोका खरा असतो, जखमा खऱ्या असतात, पण त्या का झाल्या हे अर्जात कोठेच लिहिलेले नसते. टोळीने खंडणी मागितली, एवढ्याच वाक्यावर अर्ज थांबला तर अधिकारी तो सामान्य गुन्हा मानतो. ‘त्यांनी तुम्हालाच का गाठले असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न विचारला की कधी कळते, अर्जदाराने टोळीविरुद्ध साक्ष दिली होती, किंवा त्याच्या समाजाच्याच दुकानांवर हल्ले होत होते, किंवा टोळीमागे स्थानिक सत्ताधारी होते आणि तो विरोधकांचा कार्यकर्ता होता. कधी यांपैकी काहीच नसते, आणि तेही तसेच लिहावे लागते. प्रश्न विचारणे आपले काम आहे. उत्तर सुचवणे नाही.

‘साधार भीती’ म्हणजे छळ होणारच अशी खात्री नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले की, छळाची शक्यता निम्म्याहून कमी असली तरी भीती साधार असू शकते. दहांत एक इतकी शक्यताही पुरेशी ठरू शकते. युद्धातून पळालेल्या माणसाला करारातील पाच कारणांपैकी एकही लागू होत नसले तरी त्याच्यासाठी दारे बंद होत नाहीत. आफ्रिकी देशांच्या १९६९ च्या करारात आणि लॅटिन अमेरिकेतील १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्यात निर्वासिताची व्याख्या अधिक व्यापक आहे, आणि युरोपीय संघात ‘पूरक संरक्षण’ नावाचा वेगळा दर्जा आहे. १९८४ च्या यातनाविरोधी कराराचे ३ रे कलम तर ज्या देशात यातना दिल्या जाण्याचा धोका आहे तेथे कोणालाही पाठवण्यास मनाई करते. उपासमार एकटी पुरेशी ठरत नाही. परंतु एखाद्याच्या धर्मामुळे किंवा मतामुळे त्याचे उपजीविकेचे साधनच हिरावून घेतले गेले असेल तर तो छळ होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटले आहे की, मान्यता मिळाल्यामुळे कोणी निर्वासित होत नाही, तर तो निर्वासित असतो म्हणून त्याला मान्यता मिळते. आपल्यासमोर बसलेल्या माणसाशी निकालापूर्वी कसे वागायचे हे मला या एका वाक्याने शिकवले.

प्रश्न : आमच्याकडे आलेला एक तरुण बनावट पारपत्रावर आला आणि ते त्याने विमानात फाडून टाकले. हे लपवावे का? त्याच्याकडे ओळखीचा एकही कागद उरलेला नाही.

उत्तर : लपवू नये. १९५१ च्या कराराच्या ३१ व्या कलमानुसार, जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असलेल्या प्रदेशातून थेट आलेल्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करता येत नाही. मात्र त्याने विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन अशा प्रवेशाचे योग्य कारण सांगितले पाहिजे. हे संरक्षण खरे सांगणाऱ्यासाठी आहे. प्रवासाविषयी सांगितलेले खोटे बोटांच्या ठशांवरून किंवा विमान कंपनीच्या नोंदींवरून उघडकीस आले की, छळाविषयी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. काही देश पारपत्र नष्ट करणे ही गोष्ट विश्वासार्हतेविरुद्ध धरतात किंवा त्याचा स्वतंत्र गुन्हाही मानतात. म्हणून त्याने ते कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या भीतीने फाडले, हे पहिल्या निवेदनातच यावे आणि त्याआधी वकिलाशी बोलणे व्हावे.

कागद नसणे हा अर्जाचा शेवट नाही. उच्चायुक्त कार्यालयाची ती पुस्तिका सांगते की पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची असली तरी तथ्ये तपासण्याचे कर्तव्य अर्जदार आणि अधिकारी या दोघांचे आहे, आणि अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केले असतील व त्याचे कथन एकूण विश्वासार्ह असेल तर उरलेल्या बाबतीत त्याला संशयाचा फायदा द्यावा. ‘प्रामाणिक प्रयत्न’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. शाळेचा दाखला, नातेवाइकांकडचे छायाचित्र, दवाखान्याची चिठ्ठी, पक्षाचे किंवा प्रार्थनास्थळाचे पत्र मिळवण्यासाठी काय केले, कोणाला विचारले आणि ते का मिळाले नाही, याची नोंद हाही पुरावाच असतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी : ज्या सरकारची भीती आहे त्याच्या दूतावासाकडे कागदांसाठी त्याला पाठवू नये. त्यामुळे मागे राहिलेल्या कुटुंबाला धोका होऊ शकतो, आणि ‘मग भीती कसली?’ असा प्रश्नही उभा राहतो.

प्रश्न : मी एक वर्षापासून आश्रयाच्या प्रकरणांत वरिष्ठ वकिलांना साहाय्य करतो. एका अर्जदाराने पहिल्या भेटीत अटकेची जी तारीख सांगितली त्यापेक्षा दुसऱ्या भेटीत दीड वर्षाने वेगळी सांगितली. पोलिसांची संख्याही कधी चार, कधी सहा असते. मुलाखतीला तीन आठवडे आहेत. मी त्याला एक सुसंगत घटनाक्रम लिहून द्यावा आणि तो पाठ करून घ्यावा, असे माझ्या एका सहकाऱ्याचे मत आहे. यात काही गैर आहे का?

उत्तर : गैर आहे, आणि अर्जदाराच्या हिताच्या दृष्टीने धोक्याचेही आहे. आपले पत्र वाचून मी हे सदर याच प्रश्नाभोवती बांधायचे ठरवले, कारण सद्हेतूने केलेली अशी ‘मदत’ खऱ्या प्रकरणांचे जेवढे नुकसान करते तेवढे दुसरे काही क्वचितच करते.

आधी स्मृतीविषयी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील कोसोव्हो आणि बोस्निया येथील निर्वासितांना त्यांच्या आयुष्यातील एक क्लेशकारक आणि एक साधा प्रसंग विचारण्यात आला आणि काही काळाने तेच प्रश्न पुन्हा विचारण्यात आले. या लोकांना खोटे बोलण्याचे कारण नव्हते, तरीही दोन कथनांत तफावती सर्रास आढळल्या. त्या मध्यवर्ती तपशिलांपेक्षा बाजूच्या तपशिलांत जास्त होत्या, आणि आघातोत्तर तणावाची लक्षणे तीव्र असलेल्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधील अंतर वाढले तशा तफावतीही वाढल्या. पोलीस चार होते की सहा, हा नेमका त्या प्रकारचा तपशील आहे. तो ‘दुरुस्त’ करून आपण सत्याच्या जवळ जात नाही. फक्त आपला अंदाज त्याच्या तोंडी घालतो.

आता तारखेविषयी. दीड वर्षाचा फरक मोठा आहे, म्हणून त्याचे कारण शोधलेच पाहिजे, पण ते त्याच्याकडून. तो कोणते पंचांग वापरतो हे आपण विचारले आहे का? इराण आणि अफगाणिस्तानातील सौर पंचांगाचे वर्ष मार्चमध्ये विषुवदिनाच्या सुमारास सुरू होते. इथिओपियाच्या पंचांगात तेरा महिने असतात, वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि वर्षाचा आकडा आपल्या इसवी सनापेक्षा सात किंवा आठने मागे असतो. दुभाषाने घाईत केलेल्या रूपांतरातून एक-दोन वर्षांची चूक सहज घडते. त्यामुळे अर्जदाराने उच्चारलेली मूळ तारीख त्याच्या पंचांगातच लिहून ठेवावी आणि रूपांतर शेजारी वेगळे द्यावे. ज्याला तारखाच आठवत नाहीत त्याला घटनांच्या आधाराने विचारावे : मुलगी जन्मली त्याआधी की नंतर, पेरणी झाली होती का, शाळेच्या परीक्षा कधी होत्या, अंगावर गरम कपडे होते का. असा क्रम लागला की तारीख ‘सुमारे’ म्हणून लिहावी. ‘सुमारे’ हा शब्द अर्जाला कमकुवत करत नाही. खोटी नेमकी तारीख मात्र करते.

पद्धत सांगायची तर पहिल्या भेटीत मध्ये न बोलता ऐकावे, आणि लिहिणे शक्यतो कमीत कमी ठेवावे. दुसऱ्या भेटीत घटनांचा क्रम लावावा. तिसऱ्या भेटीत विसंगती त्याच्यापुढे ठेवाव्यात, पण आरोपाच्या सुरात नव्हे. ‘मागच्या वेळी तुम्ही असे म्हणाला होतात, आज असे म्हणालात, मला नीट समजून घ्यायचे आहे’ एवढे पुरते. तो जे स्पष्टीकरण देईल ते त्याच्याच शब्दांत निवेदनात घालावे. ‘मला नक्की आठवत नाही’ हेही स्पष्टीकरणच आहे. सही करण्यापूर्वी पूर्ण निवेदन त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि या वाचनासाठी भरपूर वेळ राखावा, कारण सर्वांत मोलाच्या दुरुस्त्या माझ्या अनुभवात याच टप्प्यावर निघाल्या आहेत. सादर केलेल्या निवेदनात चूक आढळली तर मुलाखतीपूर्वीच लेखी दुरुस्ती पाठवावी. स्वतःहून केलेली दुरुस्ती आणि उलटतपासणीत पकडली गेलेली चूक यांच्याकडे फार वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

पाठ करून घेतलेले कथन कसे कोसळते हे मी पाहिले आहे. एका प्रकरणात मदतनिसाने अर्जदाराच्या साध्या वाक्यांच्या जागी ‘राजकीय मतामुळे पद्धतशीर छळ’ असे शब्द लिहिले होते. अधिकाऱ्याने विचारले, ‘तुमचे राजकीय मत काय?’ अर्जदार गोंधळून म्हणाला, ‘मला राजकारणातले काही कळत नाही.’ प्रत्यक्षात त्याने गावच्या सभेत जमीन बळकावण्याविरुद्ध उभे राहून भाषण केले होते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते राजकीय मतच होते. पण त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याला ‘बोललो’ म्हणत, ‘राजकारण’ म्हणत नसत. सभा, जमीन आणि भाषण एवढेच निवेदनात असते तर पुढचा कायदेशीर अर्थ वकिलाने आपल्या युक्तिवादात लावला असता. निवेदनात माणसाने घटना सांगायच्या असतात आणि कायदा वकिलाच्या टिपणात यायचा असतो. या दोन कागदांची सरमिसळ होऊ देऊ नये.

मुलाखतीची तयारी म्हणून प्रक्रिया अवश्य समजावून सांगावी : कोण समोर असेल, किती वेळ लागू शकेल, विश्रांती मागता येते, प्रश्न कळला नाही तर तसे सांगता येते, आणि आठवत नसेल तर अंदाज बांधायचा नसतो. अटकेत मारहाण झाली असेल तर वैद्यकीय अहवालाचा विचार लवकर करावा. यातनांची नोंद कशी करावी याची आंतरराष्ट्रीय पद्धत ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ या नावाने ओळखली जाते. ती १९९९ मध्ये तयार झाली आणि २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. त्या पद्धतीने काम करणारे डॉक्टर व्रण आणि सांगितलेले कारण यांच्यातील मेळ पायरीपायरीने नोंदवतात; विसंगत, सुसंगत, अत्यंत सुसंगत इत्यादी त्या पायऱ्या असतात. स्मरणशक्तीवर झालेला परिणामही अशा अहवालात नोंदवता येतो, आणि आपल्या अर्जदाराच्या बाबतीत कदाचित तोच भाग सर्वांत उपयोगी ठरेल.

प्रश्न : एका अर्जदाराने मुलाखत होऊन गेल्यावर मला सांगितले की तो समलिंगी आहे आणि पळून येण्याचे खरे कारण तेच होते. मुलाखतीत त्याने फक्त जमिनीचा वाद सांगितला. आता उशीर झाला का?

उत्तर : उशीर झाला आहे, पण मार्ग बंद झालेला नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २ डिसेंबर २०१४ च्या निकालात म्हटले की, अर्जदाराने आपली लैंगिकता पहिल्याच संधीला सांगितली नाही, एवढ्याच कारणाने त्याला अविश्वसनीय ठरवता येत नाही. त्याच निकालाने लैंगिक वर्तनाविषयी खोदून विचारणे आणि तथाकथित चाचण्या घेणे यांनाही मनाई केली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की, छळाच्या भीतीपोटी ज्याला आपली ओळख लपवून जगावे लागेल त्याला ‘लपवून राहा म्हणजे धोका नाही’ असे सांगून परत पाठवता येत नाही.

व्यवहारात मात्र ताबडतोब पुरवणी निवेदन द्यावे आणि त्यात दोन गोष्टी असाव्यात : काय घडले, आणि ते आधी का सांगता आले नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. दुभाषी त्याच समाजाचा होता का, खोलीत आणखी कोण होते, आयुष्यात हे यापूर्वी कोणाला मोठ्याने सांगितले होते का, हे सारे लिहावे. जमिनीचा वाद खरा असेल तर तो मागे घेऊ नये. खोटा असेल तर तसे स्पष्ट कबूल करावे आणि वकिलाचा सल्ला घेऊनच करावे.

प्रश्न : मी अधूनमधून दुभाषाचे काम करते. अर्जदार कधी कधी असे काही बोलतात की ते जसेच्या तसे सांगितले तर त्यांचेच नुकसान होईल असे वाटते. थोडे सौम्य केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. शब्द त्यांचे आहेत. संदिग्ध शब्द आला तर ‘या शब्दाचे दोन अर्थ होतात’ असे दोन्ही बाजूंना उघडपणे सांगावे. चुलत आणि मावस भावाला आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत, अनेक भाषांत एकच आहे. अशा ठिकाणी न विचारता निवड केली तर पुढे ती विसंगती अर्जदाराच्या नावावर जमा होते. घरातील लहान मुलाला आई-वडिलांचा दुभाषी करू नये, हेही येथेच सांगून ठेवते. आईवर काय बेतले हे मुलाच्या तोंडून वदवणे क्रूर आहे, आणि आई ते सांगणारही नाही.

प्रश्न : पतीच्या अर्जात पत्नीचे नाव अवलंबित म्हणून आहे. तिच्यावर सासरच्यांकडून हिंसा झाली आहे आणि परत गेल्यास मुलीची खतना केली जाईल अशी तिला भीती वाटते. पतीला यातले सांगितलेले नाही. काय करावे?

उत्तर : तिच्याशी एकटीने बोलण्याची सोय करावी, शक्यतो स्त्री सल्लागार आणि स्त्री दुभाषी यांच्यासह, आणि ती काय सांगते ते पतीला न कळवता ठेवावे. तिचा स्वतःचा अर्ज होऊ शकतो आणि मुलीचाही स्वतंत्र दावा असू शकतो. ‘विशिष्ट सामाजिक गट’ या शब्दांत स्त्रिया बसतात का, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. अमेरिकेत १९९६ मध्ये स्त्रियांच्या खतनेच्या भीतीवरून आश्रय मंजूर झाला, ब्रिटनमध्ये तेव्हा सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९९ मध्ये पाकिस्तानातील स्त्रिया असा गट ठरू शकतात असे मान्य केले, आणि उच्चायुक्त कार्यालयाने २००२ मध्ये लिंगाधारित छळाविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. हिंसा करणारे कुटुंबीय असतील तर राज्य संरक्षण देऊ शकत नाही किंवा देत नाही हे दाखवावे लागते. तिने पोलिसांत तक्रार केली होती का, केली नसेल तर का नाही, शेजारी कोणी केली असता काय झाले होते, हे विचारावे.

अधिकारी बहुधा म्हणेल की त्याच देशातील दुसऱ्या शहरात जाऊन राहा. त्याचे उत्तर तिच्या परिस्थितीतून द्यावे लागेल : एकट्या स्त्रीला मुलीसह तेथे घर मिळते का, काम मिळते का, सासरचे तिचा माग काढू शकतात का. पती-पत्नीचे हितसंबंध परस्परविरोधी असल्यामुळे दोघांना एकच वकील असू नये.

प्रश्न : अर्ज करण्यास मुदत असते का?

उत्तर : देशानुसार असते. अमेरिकेत प्रवेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. परिस्थितीतील बदल किंवा असाधारण अडचण दाखवता आली तरच सवलत मिळते. ज्या देशांत ठरावीक मुदत नाही तेथेही विलंब विश्वासार्हतेविरुद्ध धरला जाऊ शकतो. अपिलाच्या मुदती तर आठवड्यांत आणि कधी दिवसांत मोजल्या जातात. पाकिटावरचा शिक्का आणि पत्र हाती पडल्याची तारीख जपून ठेवावी.

प्रश्न : माझ्या ओळखीच्या कुटुंबाचा अर्ज फेटाळला गेला आहे. अकरा पानांचे पत्र आहे. ते म्हणतात, ‘आम्हाला खोटे ठरवले, आता काही उपयोग नाही.’

उत्तर : मुदतीचा दिवस आधी पाहावा आणि त्याच दिवशी वकिलाशी संपर्क साधावा, ज्या देशांत मोफत कायदेशीर मदत आहे तेथे ती अपिलासाठीही मिळू शकते. त्यानंतर ते पत्र परिच्छेदवार वाचावे. नकारपत्रांत सहसा दोन प्रकारची कारणे मिसळलेली असतात. ‘तुम्ही सांगता ते घडले यावर आमचा विश्वास नाही’ हा एक प्रकार, आणि ‘घडले असेल, पण आता धोका नाही किंवा सरकार संरक्षण देईल’ हा दुसरा. पहिल्याला उत्तर म्हणून अर्जदाराचे स्पष्टीकरण आणि पुरावा लागतो, दुसऱ्याला त्या देशातील परिस्थितीची विश्वासार्ह आणि ताजी माहिती लागते. पत्रात मान्य केलेल्या गोष्टीही असतात. त्यांवर वेगळी खूण करावी, कारण अपिलात त्या पुन्हा सिद्ध कराव्या लागू नयेत. मुलाखतीच्या नोंदीची प्रत मागवून पत्रातील अवतरणे तिच्याशी ताडून पाहावीत. नाकारलेल्या अर्जात नसलेली पण खरी असलेली गोष्ट अपिलात मांडता येते, पण नवी गोष्ट रचून मांडली तर असलेले प्रकरणही जाते.

अपील चालू असताना परत पाठवता येते का, हे त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. काही ठिकाणी स्थगिती आपोआप मिळते, काही ठिकाणी ती मागावी लागते, आणि न मागितल्यामुळे माणूस पाठवला जातो. ३३ व्या कलमातील तत्त्व, म्हणजे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तेथे परत न पाठवणे, हे कराराच्या केंद्रस्थानी आहे. तरी न्यायालयापुढे वेळेत अर्ज गेला नाही तर ते कागदावरच राहते.

प्रश्न : मी कायद्याची पदवीधर नाही. मी अर्ज भरून देणे कायदेशीर आहे का?

उत्तर : देशाचा नियम आधी पाहावा. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्थलांतराविषयी सल्ला देणे हा गुन्हा आहे, मग तो विनामूल्य असला तरी. अमेरिकेत वकिलांखेरीज मुख्यतः मान्यताप्राप्त संस्थांतील अधिकृत प्रतिनिधी बाजू मांडू शकतात. तेथे ‘नोतारियो’ म्हणवून घेणाऱ्यांनी अनेकांना फसवले आहे, कारण लॅटिन अमेरिकेत या शब्दाचा अर्थ प्रशिक्षित कायदेतज्ज्ञ असा होतो आणि अमेरिकेत तो केवळ सह्या साक्षांकित करणारा असतो. सोबत जाणे, भेटीच्या वेळा ठरवणे, कागद क्रमाने लावणे आणि परवानाधारक सल्लागार शोधून देणे ही कामे आपण निर्धास्तपणे करू शकता, आणि ती फार मोलाची आहेत.

प्रश्न : आमच्या एका मित्राला गेल्या आठवड्यात निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. पत्नी आणि मुले अजून मागेच आहेत. आई आजारी असल्याने तो एकदा गुपचूप जाऊन यावे म्हणतो. शिवाय तो तिकडे दंतवैद्य होता आणि येथे गोदामात काम करतो. आम्ही त्याला कोणता सल्ला द्यावा?

उत्तर : कुटुंबाचा अर्ज आजच हाती घ्यावा. मान्यतेच्या आनंदात लोक ही मुदत हमखास विसरतात. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार मान्यतेपासून तीन महिन्यांत अर्ज न केल्यास सदस्य राष्ट्रे घर, विमा आणि नियमित उत्पन्न यांच्या अटी लावू शकतात. अमेरिकेत आश्रय मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांसाठी अर्ज करता येतो. त्याने मूळ अर्जात कुटुंबातील सर्वांची नावे दिली होती का, हे तपासावे. भीतीमुळे किंवा कोणाच्या सल्ल्याने एखादे मूल ‘वगळले’ गेले असेल तर ती चूक आताच सुधारावी. विवाहाचा दाखला नसेल तर छायाचित्रे, पैसे पाठवल्याच्या पावत्या, संदेशांची देवघेव आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे गोळा करावीत.

मायदेशी त्याने जाऊ नये, हे मी जड मनाने लिहिते. कराराच्या पहिल्याच कलमात दर्जा संपुष्टात येण्याची कारणे आहेत, आणि आपल्या देशाचे संरक्षण स्वेच्छेने पुन्हा घेणे व तेथे पुन्हा स्थायिक होणे ही त्यांत आहेत. एका छोट्या भेटीने दर्जा आपोआप जातो असे नाही, पण चौकशी सुरू होऊ शकते. जुन्या पारपत्राचे नूतनीकरण हाही तसाच धोका आहे. प्रवासासाठी २८ व्या कलमाखाली मिळणारा निर्वासिताचा प्रवास दस्तऐवज वापरावा. तो सहसा मूळ देशासाठी चालत नाही. आईला तिसऱ्या देशात भेटता येईल का, हे वकिलाला विचारून पाहावे.

मान्यतेनंतर आश्रयार्थी म्हणून मिळणारे निवास आणि भत्ता बहुधा ठरावीक मुदतीत बंद होतात. त्यामुळे ओळखपत्र, बँक खाते, आरोग्यसेवेतील नोंदणी आणि भाड्याचे घर या चारही कामांना एकदम लागावे लागते. ओळखपत्रावरील नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे का, ते पहिल्या दिवशी पाहावे. ज्यांची जन्मतारीख ठाऊक नसते त्यांना १ जानेवारी लिहून दिलेली असते, आणि एका कागदावर ती तशी व दुसऱ्यावर वेगळी असली की खाते उघडण्यापासून मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत सगळे अडते.

दंतवैद्यकाच्या पदवीविषयी आशेला जागा आहे. पदव्यांच्या मान्यतेविषयीच्या १९९७ च्या लिस्बन कराराचे ७ वे कलम म्हणते की, निर्वासितांच्या पदव्या कागदोपत्री सिद्ध करता येत नसल्या तरी त्यांचे मूल्यमापन करण्याची रास्त आणि जलद पद्धत राष्ट्रांनी ठेवावी. त्याच धर्तीवर युरोप परिषदेने निर्वासितांसाठी ‘पात्रता पारपत्र’ सुरू केले आहे. त्यासाठी उपलब्ध कागद तपासून मुलाखत घेतली जाते. दंतवैद्यकासारख्या नियंत्रित व्यवसायाचा परवाना त्याने मिळत नाही, त्यासाठी भाषेची आणि व्यवसायाची परीक्षा द्यावीच लागते. तोपर्यंत दवाखान्यात साहाय्यकाचे काम मिळाले तर गोदामापेक्षा बरे, कारण परीक्षेला लागणारी भाषा तेथेच कानावर पडते. अभ्यासक्रमात कोणते विषय होते, किती वर्षे होते आणि कोणत्या रुग्णालयात काम केले, हे त्याने आठवेल तसे आताच लिहून काढावे, आणि येथेही न आठवणाऱ्या तारखेपुढे ‘सुमारे’ लिहावे.